कोच बदला म्हणे!

लातूर, रविवार

आपला फुटबॉल क्लब खालच्या गटात जाता जाता वाचला. तरी ओसरीवर बाबा आणि त्यांचे दोस्त माजिदसरांवरच घसरले. "कोचच बदला. टीममधी दमच न्हाई!"

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमधली पोरं गोळा करून ज्यांनी टीम उभी केली, त्यांनाच काढायचं? आणि गोलकीपर कुणी काढून नेला? बाबांनीच! माझ्या धाकट्या भावाला, बसूला, बारावीचा क्लास लावला आणि त्याचे हातमोजे माळ्यावर टाकले.

न राहवून मी म्हणालेच, "बाबा, आपला गोलकीपर कुठं हाय, ते सांगा की दोस्तांना."

"बी.ए. झालीस म्हणून लई बोलायलीस. चहा ठेव."

नाही ठेवला. आत गेले. बसू फिजिक्सच्या पुस्तकापुढे बसला होता, तेच हातमोजे घालून.

त्या हातांनी पान तरी कसं उलटणार?