शिडीचा पाय

पनवेल
१० ऑगस्ट २०२५

तीर्थरूप दयारामकाकांना,
अंकिताचा नमस्कार. उरणला तुमी बरे असाल. मी बरी हाय. आईचं विचारू नका.

तुमी फोन उचलत नाय, म्हणून लिहितेय. बारावीचा अभ्यास जोरात चाललाय. परवा मॅडमनी नेमकं शिडीचं गणित घातलं. अख्ख्या वर्गाला सोपं गेलं, मी मात्र त्यावरच अडून बसले.

भिंतीपासून शिडीचा पाय एक्स, टोकाची उंची वाय, शिडी पाच मीटर. म्हणून एक्सचा वर्ग अधिक वायचा वर्ग बरोबर पंचवीस. दोन्ही बाजूंचं वेळेनुसार डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा वेग, काढलं, दोनाने भागलं. एक्स गुणिले पायाचा वेग, अधिक वाय गुणिले टोकाचा वेग, बरोबर शून्य. पाय तीन मीटरवर, टोक चारवर, पाय सेकंदाला एक मीटर सरकतोय. उत्तर उणे पाऊण. उणे म्हणजे टोक खाली येतंय.

मग मी पायाचा वेग शून्य धरून बघितला. टोकाचाही शून्य आला. पुन्हा केलं, शून्यच. म्हणजे पाय हलला नाय तर टोक खाली घसरत नाय.

काका, गेल्या गणपतीआधी बाबा घर रंगवताना पडले, तेव्हा तुमी सगळ्यांना सांगितलंत, "मी शिडी घट्ट धरली होती. तोच पिऊन चढला, तोल गेला." मग ओल्या रंगावर शिडीच्या टोकाचे दोन ओरखडे वरून खालपर्यंत कसे? अजून हाईत ते. आणि बाबा पडले तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. तुमी फोनवर हसत होतात, ते ऐकलं होतं. तेव्हा मला काय कळलं नाय.

हात सुटला याचा राग नाय हो. सुटतो माणसाचा हात. पण मेलेल्या भावाला दारुडा ठरवलंत! बाबांनी दारू सोडली होती, माझी शपथ घेऊन. आईने तुमचंच खरं मानलं. बाबांचा फोटो तिने कपाटात उलटा ठेवलाय. म्हणते, पोरीची शपथ मोडणाऱ्याचं तोंड कशाला बघू?

येत्या रविवारी वर्षश्राद्ध हाय. या, आणि आईसमोर खरं बोला. मग फोटो दाराच्या वर लावायचाय. शिडी तीच हाय. तुमी चढा, खाली मी धरते. फोन वाजला तरी सोडणार नाय.

तुमच्या भावाची मुलगी,
अंकिता