सुट्टीला जाताना काढायची बॅटरी

अण्णा,

आज पुन्हा उम्म अल कुवैनच्या जरा अलीकडे गाडी कडेला घेतलीय. इंजिन चालू ठेवलंय, एवढ्यात बंद करायचं नाही. काल नवी बॅटरी बसवली आणि गाडीच्या कम्प्यूटरची पाटी कोरी झाली. उद्या पासिंग आहे. मांडीवर ते छोटं यंत्र आहे, स्टिअरिंगखाली वायर खोचली की गाडीच्या पोटातलं सांगणारं. धुराच्या सगळ्या तपासण्या झाल्यात, एक अजून ‘तयार नाही’ म्हणतेय. कुंपणापलीकडे एक उंट बाभळीसारखं काहीतरी खात उभा आहे, काटे चावतानाही तोंड वाकडं करत नाही, आणि मी मघापासून यंत्र सोडून त्याच्याकडेच बघतोय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, “उंट पळून नाही जायचा, आधी हातातलं बघ.”

मंदीचं ते वर्ष आठवतंय ना? तुम्हाला काय विचारतो म्हणा. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या आपल्या बिल्डिंगचा जिना दर आठवड्याला थोडा मोकळा होत होता. तुमच्या कंपनीच्या साइटी बंद पडल्या, स्टोअरची चावी तुमच्याकडून घेतली, व्हिसा कॅन्सल झाला. लोक विमानतळाच्या पार्किंगात गाडी लावायचे, चावी आतच ठेवायचे आणि निघून जायचे. मीही तुम्हाला तेच सुचवलं होतं. कॉलेज अर्धवट टाकून आलेला, तीन नोकऱ्या बदलून टायरच्या दुकानात टेकलेला पोरगा दुसरं काय सुचवणार! तुम्ही पोळीचा तुकडा ताटात ठेवलात. “चोरासारखं जायचं नाही. गाडी माझ्या नावावर आहे. नाव अडकलं तर परत येताना दारातच अडवतील. ही ओहोटी आहे रे, भरती यायचीच आहे. मला परत यायचंय.” म्हणजे गाडी रीतसर दुसऱ्याच्या नावावर झाल्याशिवाय तुम्ही विमानात पाय ठेवणार नव्हतात, आणि विमान तर परवावर आलं होतं.

त्या संध्याकाळी तुम्ही घर आवरलंत. मी ओट्याला टेकून उरलेले पोहे खात बघतोय. तुम्ही फ्रिज रिकामा करून दारात टॉवेल खोचता, वास धरू नये म्हणून. गॅसचा रेग्युलेटर काढता. नळ दोनदा पिळता. मग खाली जाता, बॉनेट उघडता, दहा नंबरचा पाना फडक्यातून काढता आणि बॅटरीची एक तार सोडवता. दरवर्षी गावी जाताना हे सगळं याच क्रमाने व्हायचं. महिनाभर उभ्या गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून. इतकं नेहमीचं की मला त्यात काही वेगळं दिसलंच नाही. सकाळी पासिंगला जायचं म्हणून तुम्ही तार परत लावलीत. संपलं, असं आपल्याला वाटलं.

गिऱ्हाईक हैदराबादी होता, शारजात टॅक्सी चालवायचा. आधी एकदा फसलेला, म्हणून पूर्ण कम्प्यूटर टेस्टचा कागद हवाच म्हणत होता. तपासणारा पठाण वायर जोडून पडद्याकडे बघत राहिला.

“बाबूजी, बॅटरी निकाला था?”

“हां, निकाला था,” तुम्ही सरळ म्हणालात.

हैदराबादी एकदम सरसावला. “क्यूँ निकाले? इंजन की बत्ती जल रही थी क्या? आजकल सब यहीच कर रहे. बॅटरी निकालो, बत्ती बुझाओ, गाडी चिपकाओ!”

“अरे नहीं भाई. हम छुट्टी जाते टाइम निकालते हैं. हमेशा.”

“छुट्टी?” तो तुमच्याकडे बघतच राहिला. “आप तो खलास, हमेशा के लिए जा रहे ना साब?”

तुमची नजर बॉनेटकडे गेली. आयुष्यभर स्टोअरचा एक खिळा इकडचा तिकडे होऊ न दिलेला माणूस, आणि टॅक्सीवाला तुमच्याकडे लबाडासारखा बघतोय. मला त्याच्या अंगावर जावंसं वाटलं. मी पुढे सरकलो तर तुम्ही माझाच दंड धरलात. “गप. त्याचं चुकलेलं नाही.”

पठाण भला माणूस. त्याने समजावलं की धूर साफ ठेवणारे भाग कम्प्यूटर चालत्या गाडीत स्वतःच तपासतो. तार काढली की त्याला सगळं पहिल्यापासून करावं लागतं. गाडी रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी चालू करून जरा उभी ठेवा, मग मोठ्या रस्त्याला एकाच वेगाने न्या, मधून मधून रेसवरचा पाय काढून वेग आपोआप उतरू द्या, ब्रेक नको. “कल आओ, इन्शाल्ला हो जाएगा.” हैदराबाद्याने दुपारपर्यंतची मुदत दिली. “उसके बाद दूसरी देख लूंगा साब, बुरा मत मानना.” तुमचं विमान त्याच दिवशी संध्याकाळी.

उजाडताना निघालो, रास अल खैमाच्या दिशेने. दुकानातून मागून आणलेलं यंत्र माझ्या मांडीवर. गाडी तुमच्या हातात, आणि तुमचा पाय जन्माचा ब्रेकवरचा! पुढे ट्रक दिसला की ब्रेक, पूल आला की ब्रेक.

“अण्णा, ब्रेक नको!”

“ट्रक आहे समोर, मेल्या. त्याला काय तुझं यंत्र दाखवू?”

“लांब आहे तो. नुसता पाय काढा.”

“गाडी शिकवतोस मला?”

सिमेंटच्या फॅक्टरीची धूळ दिसायला लागली तसा, सवयीने, मी म्हणालो, तिकडे कामाला माणसं घेतायत म्हणे. “एक काम धड टिकव आधी,” तुम्ही रस्त्यावरची नजर न काढता म्हणालात. तपासण्या एकेक करून ‘तयार’ होत होत्या. शेवटची मात्र हलेना. शिवाय तयार झाल्यावर आत खरंच काही बिघाड निघाला तर? तो टॅक्सीवाला खरा ठरला असता. तुमच्याही मनात तेच असणार, कारण एसी चालू असताना तुमच्या कपाळावर घाम होता.

रास अल खैमाहून वळलो. मग तुम्ही, मला नाही, काचेला सांगितल्यासारखं म्हणालात, “हात गेला रे. डोक्याला माहीत होतं कायमचं जायचंय. हाताला कोणी सांगितलंच नाही.”

मी यंत्राकडे बघत राहिलो. तुम्ही रेसवरून पाय काढलात. पुढे कोणी नव्हतं. गाडी आपोआप मंदावत गेली, नव्वद, सत्तर, साठ, आणि तुमचा पाय पहिल्यांदाच ब्रेकवर गेला नाही. इथेच, या कुंपणाच्या आसपास, ‘तयार’ आलं. बिघाड एकही नाही. मी ओरडलो. तुम्ही फक्त म्हणालात, “बघ नीट. दोनदा बघ.”

गाडी पास झाली. नाव बदललं. हैदराबाद्याने कागद वाचला आणि तुमचा हात दोन्ही हातांत धरला. “माफ करना साब. वापस आए तो पहले मेरेकू फोन करना, एअरपोर्ट से मैं लेके आऊंगा.” तुम्ही हसून म्हणालात, “इन्शाल्ला.” चावी त्याला दिलीत. खणातला फडक्यात गुंडाळलेला पाना मात्र काढून माझ्या हातावर ठेवलात. “गाडी घेशील तेव्हा सुट्टीला जाताना तार काढत जा. बॅटरी मरते नाहीतर.”

भरती आली, अण्णा. क्रेनी पुन्हा उभ्या राहिल्या. पण तोवर तुमचे पाय सुजायला लागले होते, आणि मग गावाहून फोन आला. मी मिळेल त्या विमानाने निघालो. निघण्याआधी खाली जाऊन माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं होतं. पाना तारेला लावलासुद्धा. तेवढ्यात त्या टॅक्सीवाल्याचा ‘छुट्टी?’ हा प्रश्न कानात आला, आणि मी बॉनेट तसंच मिटलं.

मी अजून इथेच आहे. कामं बदलतो, गावं बदलतो, मधे वर्षभर त्या सिमेंटच्या फॅक्टरीतही होतो. दर वर्षी गावी जाऊन येतो, आणि आलो की बॅटरी मेलेली असते. बॅटरीच्या दुकानातला मल्याळी दर वेळी हसतो, “फिर भूल गया तार निकालना?” मी म्हणतो, “भूल गया चेट्टा.” मग नवी बॅटरी, कोरी पाटी आणि हा रस्ता.

यंत्र आत्ताच ‘तयार’ म्हणालं. दोनदा बघितलं. आता हा कागद तुमच्या पान्याच्या फडक्यात ठेवतो, याला दुसरी जागा नाही.

मल्याळ्याला सांगू नका. मी विसरत नाही.