बारावं शिल्प

चिरंजीव खिळ्या यास, थोरल्या बहिणीचा भरभरून आशीर्वाद, आणि त्याच पाकिटातून थोडी कानउघाडणीही.

इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे बाबांचा गुडघा जागेवर आहे, तुझ्या भावोजींची कंबर कालपासून पुन्हा वाकू लागली आहे आणि मुलांची तोंडं नेहमीसारखी अखंड चालू आहेत. तुझी तब्येत कशी आहे? बोटं दहाच्या दहा आहेत ना? (हे मी दर पत्रात विचारते आणि तू उत्तर देत नाहीस. मोजून कळव.) मी कचेरीत आवक-जावक सांभाळते, आलेल्या-गेलेल्या पत्रांच्या नोंदी ठेवण्यात बावीस वर्षं गेली, म्हणून हेही पत्र घडलं तसं, क्रमानं लिहिते आहे. मधली पानं उलटून शेवट वाचू नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे.

तर वाचनालयाच्या भिंतीवर जाहिरात लागली होती, की गावाबाहेरच्या जंगलात पायवाटेच्या कडेनं अकरा लाकडी जनावरं लपवली आहेत, मुलांनी ती शोधून काढावीत, सहकुटुंब यावं. खाली कोरणाऱ्याचं नाव होतं, म्हणजे तुझं. बाबांनी ती जाहिरात दोनदा वाचली आणि हवापालट म्हणून यायला हरकत नाही असं म्हणाले. तू बाबांचं दारं-खिडक्यांचं दुकान सोडून निघालास तेव्हा ते म्हणाले होते, की जे उघडत नाही, मिटत नाही आणि ज्यात काही ठेवता येत नाही ते कसलं लाकूडकाम. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून घरात तुला नाव नाही, तू नुसता 'तो' आहेस. आई गेली तेव्हाही तुम्ही दोघं शेजारी शेजारी उभे होतात आणि जे काय बोललात ते माझ्यामार्फत. (घरातली आवक-जावकही माझ्याकडेच, आणि तिला रविवारची सुट्टीसुद्धा नाही.) त्यामुळे ते यायला निघाले हेच मला पुष्कळ वाटलं. त्यांनी खिशात घडीची पट्टी, काटकोन बघायचा गुण्या आणि मेणबत्तीचा तुकडा घातला होता, तेव्हाच खरं तर मी सावध व्हायला हवं होतं.

फाटकावरच्या बाईंनी मुलांना जनावरांच्या चित्रांचा कागद दिला आणि मोठ्यांनी काही सांगू नये, मुलांना शोधू द्यावं, असं बजावलं. पहिली सहा जनावरं बाबांनी शोधली. बाकीचे लोक जंगलात जनावर बघत होते, बाबा लाकूड बघत होते. पन्नास पावलांवरून त्यांना ताज्या तेलाचा वास यायचा आणि ते तडक झुडपात शिरायचे. धाकट्यानं चौथ्या जनावराला रडायला सुरुवात केली ती सहाव्यापर्यंत पुरवली. शिवाय शोधून गप्प बसतील ते बाबा कसले! बगळ्याचे पाय त्यांनी मोजले आणि एक पाय दोन सूत कमी आहे असं निदान केलं. (तो पाय पाण्यात आहे असं तू दाखवलं आहेस हे थोरलीनं त्यांना समजावलं. पाणी कुठे आहे, असं त्यांनी विचारलं.) कासवाला टकटक करून लाकूड पुरतं वाळलं नव्हतं असं सांगितलं. रानडुकराला गुण्या लावला. रानडुकरात काटकोन कुठून येणार? पण मागे उभी असलेली अनोळखी मंडळीही माना डोलवायला लागली, आणि मला तुझी बाजू घ्यावीशी वाटूनही तिथे घेता आली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

सातवा तुझा सुरवंट. पोकळ ओंडक्याचा, मुलांनी एका टोकानं शिरून दुसऱ्या टोकानं निघायचं. तुझे भावोजी मुलांचा आतून फोटो काढावा म्हणून शिरले आणि पोटावर अडकले. मागे बारा मुलांची रांग, पुढून दिसतोय फक्त भावोजींचा चेहरा, आणि तोही माफी मागणारा. बाबांनी शांतपणे पट्टी काढली, आधी सुरवंटाचा घेर मोजला, मग जावयाचा, आणि त्यानं दीड इंच कमी ठेवला असं जाहीर केलं. दोष जावयाचा नव्हे, तुझा, हे नोंदवून ठेव. मग अडकलेल्या ड्रॉवरला घासतात तशी त्यांनी भावोजींच्या कमरेला चहूबाजूंनी मेणबत्ती घासली आणि दोन्ही पाय धरून ओढलं. ते निघाले. शर्ट मागाहून निघाला.

आता मुद्द्याचं. दहा जनावरं झाली, अकरावं सापडेना. वाटेच्या शेवटच्या वळणावर एक खोड आहे, वादळात मोडलेलं, अर्धवट आडवं, गाठी आलेलं, अंगावर शेवाळ. बाबा त्याच्यासमोर थांबले. पट्टी काढली नाही. टोपी काढली. बराच वेळ त्या खोडावरून हात फिरवत राहिले, आणि मग अगदी हळू, पण आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जमलंय पोराला. छिन्नीचा एक घाव दिसत नाही."

खिळ्या, ते नुसतं खोड आहे. थोरलीनं सांगायला तोंड उघडलं, तिला मी असा चिमटा काढला की वळ अजून आहे. धाकट्याला भावोजींनी उचलून लांब नेलं. बाबा त्या खोडाशेजारी बसले आणि रुमालानं डोळे पुसले. सहा वर्षांनी 'पोराला' म्हणाले रे! मी काय सांगणार होते? खरं अकरावं जनावर, तुझी खार, त्याच्याच मागच्या झाडावर बसली होती, नंबराच्या बिल्ल्यासकट, आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

तेव्हापासून जो भेटेल त्याला ते तुझं काम सांगत सुटले आहेत. येत्या रविवारी दुकानातल्या चार जुन्या सुतारांना घेऊन पुन्हा जाणार आहेत. ते चौघं जन्मभर लाकूड तासत आलेले. त्यांनी खोड ओळखलं आणि हसले, तर बाबा तुझ्याविषयीचं तोंड कायमचं मिटून घेतील, या विचारानं माझा जीव टांगणीला लागला आहे.

कळावे, लोभ आहेच, आणि आता तो तुझ्याच हातात आहे.
तुझी ताई

ता. क. शनिवारपर्यंत येऊन त्या खोडाला बारा नंबरचा बिल्ला ठोक. जमल्यास एखादा कान किंवा डोळा काढ. जास्त काही नको, घाव दिसता कामा नये.

ता. क. कुणी विचारलंच, तर चार महिने लागले असं सांग. खोटं बोलायला मी तुला प्रथमच सांगते आहे, त्याची नोंद मी ठेवलेली नाही.

खिळ्या,
तुझी बहीण पाकीट आणायला गेली आहे. पत्र उघडं होतं, वाचलं. खोडाला हात लावू नकोस. पन्नास वर्षं लाकूड हाताळतो आहे, कोरलेलं कोणतं आणि उगवलेलं कोणतं हे मला कळतं. तुझ्या कामासमोर उभं राहून सगळ्यांदेखत चांगलं म्हणायला गेलो की मापंच तोंडात यायची. दहा वेळा तसं झालं. म्हणून खोडासमोर बोललो. चौघांना आणतो आहे ते बगळा दाखवायला.
घुबडाच्या पाठीत चीर आहे, ती हिला दिसलेली नाही. तिच्यात बसवायची लाकडाची पट्टी मी घरून तासून आणतो. सरस लावल्यावर दाबून धरायला माझे दोन हात पुरायचे नाहीत. ते चौघं दहाला येतील.
तू नऊला ये.