डाव्या दाताची खूण

मंगळवार, ११ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
ताईचे आशीर्वाद.

पत्रास कारण तूच पाठवलंयस, डबीत घालून. पार्सल शुक्रवारी मिळालं. इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात, पण कामाला बसले की गप्प होतात. तुझ्या बायकोची सर्दी गेली का? तिला म्हणावं, सॅक्सोफोनचा माउथपीस एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा असतो, तो गरम पाण्यात धुवायचा नसतो. डबी उघडल्याबरोबर कळलं मला. काळाभोर होता तो शेवाळी झालाय, आणि गंधकाचा असा भपकारा आला की खिडकी उघडावी लागली. बाबा असते तर तिला काही बोलले नसते, तुला मात्र फैलावर घेतलं असतं.

टोकाचा कोपरा उडालाय, त्याबद्दल ‘पडला’ एवढंच लिहिलंयस. तुझ्या हातून वस्तू नेहमी आपोआपच पडतात. असो. काचेवर ओला पॉलिश पेपर पसरला, टोक केसभर मागे घेतलं, दोन्ही कडा पुन्हा सारख्या केल्या. दोन दिवस गेले. मग वेताची रीड बांधली, मागचं भोक तळहाताने दाबलं, हवा ओढून घेतली आणि तोंडातून काढून मोजत बसले. सात आकडे होईपर्यंत रीड चिकटून राहिली, मग टप् करून सुटली. बाबा गिऱ्हाइकाचा माउथपीस पाचाला पास करायचे. तेव्हा काम चोख झालंय, त्याची काळजी नको.

आता तुझ्या चिठ्ठीबद्दल.

तू वाजवणं सोडतोयस, शेवटचा कार्यक्रम वीस तारखेला, आणि त्यानंतर हा माउथपीस संगीतशाळेच्या काचेच्या कपाटात ठेवणार, हे वाचलं. चांगलं आहे. ‘वाजवताना टेकलेल्या वरच्या दातांच्या खुणांना हात लावू नकोस, त्या बाबांच्या आहेत’ हेही वाचलं. आणि कपाटात लावायचं ते कार्ड. ‘आमच्या वडिलांचा माउथपीस. डावीकडचा खोल खड्डा त्यांच्या जिद्दीची साक्ष देतो.’ खाली घरातली मोठी म्हणून माझी सही हवी. कार्ड वाचून आधी मी हसले. खरंच हसले, एकटीच. शेजारीण डोकावून गेली.

अरे, बाबांना वरचे दात होते कुठे? तिशीतच कवळी आली होती त्यांना. वाजवताना ती सटकू नये म्हणून प्रत्येक माउथपीसवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवायचे. एकदा तू ती कवळी पिठाच्या डब्यात लपवलीस आणि ते दिवसभर गिऱ्हाइकांशी बोबडं बोलत होते. हे सगळं विसरलास? की विसरल्याचं सोंग इतकी वर्षं वठवलंस की आता तुला स्वतःलाच खरं वाटायला लागलंय?

तो माउथपीस माझा. मला सतराव्या वर्षी दिला होता बाबांनी. जुन्या घडणीचा, आतून गोल पोटाचा. माझा दम कमी पडायचा म्हणून रीड आणि टोक यांमधली फट त्यांनी स्वतः घासून बारीक करून दिली होती. तुझ्या वाजवण्याबद्दल पेपरात छापून येतं ना, ‘भरदार तरीही मऊ सूर’, ते त्या गोल पोटाचं आणि बारीक फटीचं कौतुक असतं. मी कात्रणं ठेवत नाही, पण वाचते सगळी.

रविवारी टप् ऐकून झाल्यावर माझ्याकडून एक गोष्ट झाली. सवयीने दात टेकवले. बत्तीस वर्षांनी. उजवा बरोबर आपल्या जागी जाऊन बसला. डावा बसला नाही. माझा डावा दात नकली आहे, तो त्या खड्ड्याच्या तळाला पोचत नाही.

पोचेल कसा? तो खड्डा काही वाजवून पडलेला नाही.

हे मी आजपर्यंत कागदावर आणलं नव्हतं. तोंडानेही कोणाला सांगितलं नाही. त्या संध्याकाळी वर्कशॉपमध्ये आपण दोघंच होतो. दुसऱ्या दिवशी बँडमास्तर दोघांनाही ऐकणार होते आणि बँडमध्ये जागा एकच होती. तू म्हणालास, “बस झालं ताई, माझी पाळी.” मी थांबले नाही. मला त्या धूनचा शेवटचा तुकडा बसवायचा होता आणि, खरं सांगते, तुला जरा खिजवायचंही होतं. तू सॅक्सोफोनच्या तोंडाला खालून लाथ घातलीस. एकच. माउथपीस वर आला आणि माझा दात त्यात रुतून तुटला. शर्टावर रक्त सांडलं. तू रडायला लागलास, सोळा वर्षांचा घोडा. “ताई, बाबांना सांगू नकोस ना.”

मी सांगितलं, जिन्यावरून पडले.

बस, एवढंच. सकाळी माझा ओठ वांग्याएवढा सुजला होता. बाबांनी माझा माउथपीस तुझ्या हातात दिला आणि तुला घेऊन गेले. पुढे माझ्या त्या दाताचं मूळ सडलं, तो काढावा लागला, नकली बसवला. वर काही टेकवलं की कळ कानापर्यंत जायची. बाबा म्हणाले, “तुझा हात चांगला आहे,” आणि मला माउथपीस घासायला बसवलं. अजून घासतेय.

इतकी वर्षं मी समजत होते की ही गोष्ट आपल्या दोघांतच आहे. म्हणून गप्प होते. वाटायचं, बाबांना कळलं तर ते तुझ्याकडे बघणारही नाहीत.

ते गेल्यावर त्यांचा खण मी आवरला, तू दौऱ्यावर होतास. त्यात काय काय होतं! काचेचा माउथपीस, ज्यात सुराच्या आधी वाफ दिसायची. स्टोव्हसारखी किल्ली असलेला तो. किल्ली फिरवली की आतली पट्टी वर-खाली. “हा घेतला की माणूस किल्लीच फिरवत बसतो, वाजवतो कधी?” असं म्हणायचे ना? लाकडाचा, थुंकीने फुगलेला. आणि त्यांच्या त्या कागदाच्या पुड्या. माउथपीसमधून जे काही निघेल, टवका, तारेचा तुकडा, ते पुडीत बांधून वर कशातून निघालं ते लिहायची त्यांची सवय तुला माहीत आहे. एका पुडीवर त्यांच्या अक्षरात होतं: ‘काळा, गोल पोटाचा. डावी बाजू.’

आत दाताचा तुकडा होता.

जिन्यावरून पडलेल्या पोरीचा दात माउथपीसमध्ये कसा जाईल, एवढं त्यांना कळत होतं रे. रात्री चिमट्याने काढला असेल, पुडी बांधली असेल, वर लिहिलं असेल. आणि सकाळी माउथपीस तुला दिला. मला त्यांचा राग येतो. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, मी रागावते. तुझ्यावर तर आहेच. तू लाथ मारलीस म्हणून नाही, सोळाव्या वर्षी डोकं फिरतं माणसाचं. त्या लाथेची खूण तू बाबांची जिद्द म्हणून काचेत ठेवायला निघालास आणि खाली माझी सही मागितलीस, म्हणून.

परवा पुडी उघडली. तुकडा त्या खड्ड्यात ठेवून पाहिला. अचूक बसला.

तर सोबतच्या डबीत तुझा माउथपीस नाही. बाबांचा पाठवतेय, खरा त्यांचा, ट्यूबच्या तुकड्यासकट. वाजवायलाही हाच, कपाटात ठेवायलाही हाच. फट मोठी आहे, पोट अरुंद आहे, कर्कश वाजतो आणि दम खातो. वीस तारखेला नऊ दिवस आहेत, तेवढ्यात जमला तर जमला. नाही जमला तर लोकांना सांग की पडला.

कार्ड मी नवीन लिहिलंय आणि खाली सही केली आहे: ‘हा माउथपीस आमच्या वडिलांचा. यावर कोणाच्याही दातांची खूण नाही.’

माझा माझ्याकडे राहील. कार्यक्रमाला येणार नाही. बायकोला सांभाळ, तुझ्या पाठीला जप.

तुझी,
जिन्यावरून कधीच न पडलेली,
ताई