नकाराचं बटण

३ एप्रिल ८९, सोम.
आज नव्या संगणकावर सतरा पत्रं पाऊण तासात! एफ सात दाबलं की तारीख, महोदय, अधोरेखित विषय, खाली परिच्छेद, सगळं जागच्या जागी: ‘कार्यालयीन निकडीमुळे आपली विनंती तूर्त मान्य करता येत नाही.’ नाव तेवढं हातानं घालायचं. सोलापुरात आठ दिवस शिकून आले, एका बटणात अख्खं पत्र काढणारा हा मॅक्रो मीच बसवला. साहेब म्हणाले, “कांबळेबाई, तुम्ही म्हणजे दूध संघाचा उजवा हात.” घरी येईपर्यंत टम्म फुगलेले.
नळ कोरडाच.

५ एप्रिल, बुध.
बदलीचा अर्ज दिला. लोहाऱ्याच्या शीतकरण केंद्रात कारकुनाची जागा रिकामी आहे. चिंगी तिथंच, माझ्या आईपाशी. हे सैन्यात, इथं आठ दिवसांनी पाणी, दीड वर्षाच्या पोरीला ठेवणार कुणापाशी? म्हणून पाठवली. आठ महिने झाले.

७ एप्रिल, शुक्र.
साहेबांनी अर्जांचा गठ्ठा टेबलावर टाकला. “सगळ्यांना नकार.” सहावा अर्ज माझा.
आत जाऊन विचारलं. “तुम्ही गेल्यावर ते यंत्र कोण चालवणार? कुणाला तरी तयार करा, मग बघू.”
एफ सात. नाव: सौ. सुनंदा कांबळे. प्रिंटर करकरत बसला. जावकवाल्यानं वर पोच म्हणून माझी सही घेतली. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा. रडू नाही आलं, संताप आला.

१० एप्रिल, सोम.
शेजारच्या टेबलावरच्या कदमभाऊंना डबा खाताना धरलं. आठ दिवसांत शिकवते म्हटलं.
“न्हाय बा. म्या शिकलो की म्याच अडकलो. तुमचं बघतोय की.”
खरं बोलले, म्हणून जास्तच राग आला. टपालाच्या बाईंना विचारलं, तर त्यांचे डोळे दुखतात. या हापिसात सगळ्यांचेच डोळे दुखतात, पगाराचा दिवस सोडून.

१४ एप्रिल, शुक्र. लोहारा.
जयंती. चिंगीला नवा झगा नेला. आजीच्या लुगड्याआड लपली. आई म्हणाली, “अगं, तुझी आई हाय ती.” पोरीनं माझ्या आईला घट्ट धरलं. “न्हाय. आई ही.”
सगळे हसले. मीपण.
परतीच्या एसटीत तोंडावर पदर घेऊन बसले. शेजारीण म्हणाली, ऊन लागलं का? व्हय म्हटलं.

१७ एप्रिल, सोम.
सकाळी नेहमीची नकाराची पत्रं काढली. मग मॅक्रो उघडला. ‘निकडीमुळे’ आणि ‘तूर्त’ काढलं. ‘मान्य करता येत नाही’ खोडून ‘मान्य करण्यात येत आहे’. बटण दाबलं, माझं नाव, मु. लोहारा.  चोरीच ही, दुसरं काय. पण साहेब असली पत्रं वाचत नाहीत. सगळी एकसारखी येतात, हे त्यांना माझ्याच मॅक्रोनं शिकवलंय. सहीच्या फाइलीत मधोमध घातलं.
तेवढ्यात साहेब दारातून, “टँकरवाल्या शेखमामांना पण नकार काढा.” मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, रात्रीचा दुधाचा टँकर चालवायला नको म्हणतात मामा. सवयीनं एफ सात. कागदावर ‘मान्य’! मॅक्रो पूर्ववत करायचा राहिलाच होता.
मामा खिडकीशी उभे. “क्या लिखे बाई? नकोच म्हटलं असंल.”
सांगितलं नाही. दुरुस्त करायला एक मिनिट लागलं असतं. तेही फाइलीत घातलं. शिपाई साडेपाचला फाइल आत घेऊन गेला.

१८ एप्रिल, मंगळ. ११।।
साहेब आले. दार उघडंच आहे, इथून दिसतंय. सही, पान उलटं. सही, पान उलटं. माझं कितवं, आठवत नाही. मामांचं त्याच्या खाली.
कदमभाऊ म्हणतात, काय लिहिताय एवढं? हिशेब म्हटलं.
साहेब थांबले. पेन खाली ठेवलं.
चष्मा शोधताहेत.