जावईबापूंच्या लोखंडी कांड्या

२१ मे, गुरुवार. चोपडा
धोंड्याच्या जेवणाला जावईबापू येणार. मात्र अट घालून! शेजारच्या बायकांनाही बोलवा, सगळ्यांचे पाणी फुकट तपासून देतो म्हणे. म्हणजे अधिक महिना म्हणून मी तेहतीस अनारसे तळायचे, चांदीचा दिवा द्यायचा, पाय धुवायचे, आणि ह्या जावईबापूंनी, प्रेमराजांनी, माझ्याच ओसरीवर फिल्टरचे दुकान मांडायचे!

आमची मेघा रसायनशास्त्राची एमएस्सी. जळगावला क्लासमध्ये शिकवत होती, उत्तम शिकवत होती. लग्नानंतर वर्षभरात सोडले. ‘घरचं काम वाढलं.’ कोणी वाढवले, हे मला विचारायची गरज नाही. त्या माणसाला मी त्याबद्दल क्षमा केलेली नाही.

२४ मे
पीएच मीटर आला! पेनाएवढा, आणि किती देखणा! आधी सातच्या प्रमाण-द्रावणात बुडवायचा, मग धुवून चारच्या; दोन्ही आकडे जुळले की मगच आपले पाणी. हे न करता जो आकडा सांगतो तो आकडा सांगत नाही, अफवा सांगतो. नळाचे ७.४. बोअरचे ७.८. बोअरचा टीडीएस, माझ्या जुन्या टीडीएस मीटरवर, ७८०.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. ते वाढले की चव बदलते, बादलीवर पांढरे डाग बसतात, डाळ शिजायला वेळ लागतो. पण जंतू त्या मीटरला दिसत नाहीत. गटाराचे चार थेंब पडले तरी त्याचा आकडा जागचा हलणार नाही. एवढे समजले की निम्मे विक्रेते उपाशी मरतील.

हे म्हणाले, मला समजावून काय उपयोग, जावयाला समजाव. समजावीन.

२९ मे
मेघाचा फोन. “त्या दिवशी त्यांना काही बोलू नकोस, आई. एवढं ऐक.” मी हो म्हटले नाही.

३१ मे, रविवार
झाले ते नीट क्रमाने लिहिते.

औक्षण झाले. पाने मांडलेली. जावईबापूंनी पाटावर बसण्याआधीच पेटी उघडली. दोन ग्लास. एकात आमच्या बोअरचे पाणी (शेजारीही तेच भरतात), दुसऱ्यात त्यांच्या यंत्राचे. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडल्या, बटण दाबले. यंत्राचे पाणी जसेच्या तसे. आमचे आधी पिवळे, मग तांबूस, मग गटारासारखे, वर फेस. शेजारच्या मंजुळाबाईंनी पदर तोंडाला लावला.

“माय वं, हाई आमी पितस?”

“हेच किडनीत साचतं, अक्का,” जावईबापू म्हणाले. मंजुळाबाईंच्या मालकांना, कौतिकभाऊंना, मूतखडा आहे हे त्यांनी येताच विचारून घेतलेले! बाई तिथल्या तिथे यंत्र घ्यायला तयार झाल्या.

मी स्वयंपाकघरातून मीठ आणले. जावईबापूंना म्हटले, आता तुमच्या शुद्ध पाण्यात हे चिमूटभर टाकून पुन्हा दाखवा. ते म्हणाले, धोंडे गार होताहेत, आई. मग मीच मीठ टाकले आणि मीच बटण दाबले. त्यांचे पाणीही तांबूस झाले. तसेच, फेसासकट!

मग शिकवले. घाई न करता, एकेक पायरी. क्षार असले की पाण्यातून वीज वाहते. वीज वाहिली की कांडीचे लोखंड झिजून पाण्यात उतरते. हा रंग त्या गंजाचा. यंत्राच्या पाण्यात क्षार जवळजवळ नाहीत, म्हणून कांडी झिजत नाही, म्हणून रंग येत नाही. पाणी घाण की स्वच्छ, याच्याशी ह्या खेळाचा काडीचा संबंध नाही. तीस वर्षे वर्गात शिकवले, पण इतके कान देऊन ऐकणारा वर्ग मिळाला नव्हता.

मंजुळाबाई कांडी उचलून निरखत म्हणाल्या, “जवाईबापू, तुमना दांडाच सडेल शे.”

ओसरी हसली. जावईबापूंनी पेटी बंद केली आणि भरल्या पानावरून निघून गेले. अधिक महिन्यात, उपाशी. मागोमाग मेघा. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

मला वाईट वाटले नाही. लिहून ठेवते: मुळीच नाही.

१ जून
हे बोलत नाहीत. अनारसे मऊ पडले.

४ जून
विहीणबाईंचा, कुंदाबाईंचा फोन. जावयाला उपाशी उठवणारी सासू खानदेशात त्यांनी पहिल्यांदाच पाहिली म्हणे! मी त्यांनाही वीज आणि क्षार समजावू लागले. दुसऱ्या पायरीवर त्यांनी फोन ठेवला. बुद्धी वंशपरंपरेने येते, नसणेही.

मेघाला निरोप पाठवला: ‘निघून ये. खोली झाडून ठेवली आहे. इथल्या क्लासमध्ये तुझ्यासाठी शब्द टाकला आहे.’ तिने वाचला. उत्तर नाही. तो देऊ देत नसणार.

९ जून
मेघा आली. एकटीच. मी म्हटले, राहा आता. त्या माणसाने तुझी विद्या मातीत घातली.

ती उभीच होती. “त्यांना दहावीला विज्ञानात पस्तीस होते, आई. कांड्या मी शोधल्या. काय बोलायचं, कुठे थांबायचं, सगळं मी बसवून दिलं. क्लास मी त्यासाठीच सोडला. तुझ्या ओसरीवर नको म्हणत होते ते. मीच आग्रह केला.”

मी तिच्यापुढे पाट सरकवला. ती बसली नाही.

“उद्या बोदवडला हाच कांड्यांचा प्रयोग आहे. ते आता चार माणसांपुढे उभे राहायला घाबरतात. म्हणून मीच बोलणार आहे.”