चिंचेने घासलेली भांडी

मुरबाड, मार्च १९६४

सौ. काकूंस,
सादर नमस्कार.

तुम्ही घर मला भाड्याने देऊन कल्याणला गेलात, तेव्हा माळ्यावरची पितळी भांडी माझ्यावर सोपवलीत. "घासत राहा गो, काळी पडतील," म्हणालात. शाळेत शिकवून आले की मी ती चिंचेने घासत असे.

परवा तुम्ही ती न्यायला आलात, तेव्हा नेमके उंबरमाळीहून माझे वडील आले होते. बोलता बोलता, आम्ही तिथल्या कातकरवाडीतले, हे त्यांनी सांगितले. तुम्ही हातातला हंडा हळूच खाली ठेवलात.

"राहू देत गो तुलाच. तुझ्या लग्नात उपयोगी पडतील."

मुलांना समता शिकवणारी मी "बरं" म्हणाले. वडील मात्र भारावले. "कवढ्या मोठ्या मनाची बाय हाय गो," म्हणत हंडा डोक्यावर घेऊन वाडीत गेले. आता तिथे सगळे तुम्हाला दुवा देतात.

ही भांडी मला तुमच्या दारात आणून ठेवायची आहेत. पण हंडा परत मागायचा, तर वडिलांना कारण सांगावे लागेल. म्हणून हे पत्रही माझ्यापाशीच राहील.

उरलेली भांडी मी आता घासत नाही. काळी पडू देत.

तुमची भाडेकरू,
ठमी वाघे